मेनू स्क्रिप्टच्या भरवशावर नको

वेबसाइटवर आलेल्या माणसाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. इथे काय काय आहे, आणि मला हवं त्या पानापर्यंत जायचं कसं? या दोन प्रश्नांची उत्तरं देणं हेच मेनूचं काम. त्याला लिंकांची एक यादी पुरते, आणि यादी दाखवणं वेबला जन्मापासून येतं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत उभं केलेलं पहिलं संकेतस्थळ १९९१ साली बाहेरच्या जगाला खुलं झालं, तेव्हा त्याचं पहिलं पान म्हणजे जवळपास नुसती लिंकांची यादीच होती. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम (स्क्रिप्ट) लिहिण्याची भाषा, त्यानंतर चार वर्षांनी, १९९५ मध्ये आली. तरीही आज असंख्य वेबसाइटींवर स्क्रिप्ट चालल्याशिवाय मेनू उघडत नाही. काही ठिकाणी तर तो पानात नसतोच, स्क्रिप्टच तो तयार करते. माझ्या मते हे चूक आहे. वेबवरच्या इतर काही गोष्टींना स्क्रिप्टची गरज खरोखरच असते. मेनूला ती सगळ्यात कमी असते, म्हणून इथे सबब चालू नये.

नेमकं काय घडतं ते जवळून पाहू. फोनवर नेटवर्क अर्धवट आहे. पान उघडतं, शीर्षक दिसतं, मजकूर दिसतो, वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात. माणूस त्यावर बोट ठेवतो. काही होत नाही. पुन्हा दाबतो. तरी नाही. जरा जोरात दाबतो, जणू दोष बोटाचा आहे. आतली गोष्ट अशी असते की एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) आणि सीएसएस (सजावट) येऊन पोहोचलेलं आहे, स्क्रिप्ट अजून वाटेत आहे. त्या तीन रेघा म्हणजे एक रिकामा चौकोन, ज्याला दाबल्यावर काय करायचं हे स्क्रिप्टनेच येऊन सांगायचं आहे. ती येईपर्यंत ते नुसतं चित्र. पण पाहणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. बटण बटणासारखंच दिसतं. कुठे त्रुटीचा संदेश नाही, थांबा म्हणणारं चिन्ह नाही. फोन जुना झाला, की वेबसाइट बंद पडली, की आपल्यालाच जमत नाही, असा विचार करत तो परत फिरतो. यातलं शेवटचं अनुमान मला सर्वांत जास्त खुपतं, कारण जे लोक तंत्रज्ञानाला आधीच बिचकतात ते हटकून तेच काढतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: हल्ली जावास्क्रिप्ट बंद करतं कोण? फायरफॉक्सने तर ऑगस्ट २०१३ मधल्या २३व्या आवृत्तीत ती बंद करण्याची चौकट सेटिंगच्या साध्या पानावरून काढूनच टाकली. मग मूठभर हट्टी लोकांसाठी खटाटोप कशाला?

हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, ब्रिटन सरकारच्या डिजिटल सेवा विभागाने एक साधी पण नेटकी मोजणी केली होती. सरकारी संकेतस्थळाच्या मुख्य पानावर त्यांनी तीन अदृश्य चित्रं ठेवली. एक प्रत्येक ब्राउझरने मागवावं असं, दुसरं स्क्रिप्ट प्रत्यक्ष चालली तरच मागवलं जाईल असं, आणि तिसरं स्क्रिप्ट बंद असेल तरच मागवलं जाईल असं. पाच लाखांहून अधिक भेटी मोजल्यावर दिसलं की १.१ टक्के लोकांपर्यंत स्क्रिप्टची मदत पोहोचलीच नव्हती, म्हणजे साधारण दर ९३ माणसांमागे एक. त्यातही खरी गोम पुढे आहे. स्क्रिप्ट बंद असलेले किंवा ब्राउझरलाच ती न येणारे फक्त ०.२ टक्के होते. उरलेल्या ०.९ टक्के लोकांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालू होती, चालायलाही हवी होती, पण चालली नाही. बंद करणाऱ्या एकामागे चार जण असे, ज्यांना आपल्याकडे काही आलेलं नाही याचा पत्ताही नव्हता.

आकडा जुना आहे, हे मान्य. दरम्यान नेटवर्क सुधारलं. पण स्क्रिप्टही फुगली. एचटीटीपी आर्काइव्ह हा प्रकल्प लाखो पानांची नियमित मोजदाद ठेवतो. त्यानुसार मोबाइलवरच्या मधल्या पानाचं, म्हणजे अर्धी पानं ज्याच्यापेक्षा हलकी आणि अर्धी जड अशा पानाचं, जावास्क्रिप्टचं ओझं आता ५०० किलोबाइटच्या वर गेलेलं आहे. तेही दाबून लहान केलेल्या रूपात. फोनमध्ये आल्यावर ते उलगडायचं, वाचायचं, चालवायचं. स्वस्तातल्या फोनचा प्रोसेसर इथे दमतो, नेटवर्क कितीही चांगलं असो.

स्क्रिप्ट न चालण्याची कारणं तरी किती! बोगद्यात शिरताना फाइल अर्ध्यावर तुटते. कार्यालयाची सुरक्षा भिंत अनोळखी सर्व्हरवरच्या फाइली अडवते. ब्राउझरला जोडलेलं, जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन गरजेपेक्षा जास्त उत्साह दाखवतं. तिसऱ्याच कंपनीची एखादी मोजमापाची स्क्रिप्ट चुकते आणि तिच्यावर विसंबलेली पुढची ओळ चालतच नाही. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या स्काय या इंटरनेट कंपनीच्या गाळणीने जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट संचाची फाइल पुरवणारा सर्व्हर धोकादायक ठरवून अडवला. जगातल्या असंख्य वेबसाइटी ती फाइल तिथूनच घेत. त्या गाळणीमागे बसलेल्या घरांत त्या एकदम लुळ्या पडल्या. दोष ना वेबसाइट चालवणाऱ्यांचा, ना पाहणाऱ्यांचा. त्याआधी फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या प्रकाशनसमूहाने आपल्या साऱ्या वेबसाइटी नव्याने बांधल्या होत्या, आणि त्यात प्रत्येक लेखाचा पत्तासुद्धा स्क्रिप्टने उलगडायचा होता. एक स्क्रिप्ट अडली आणि काही तास लोकांसमोर कोरी पानं आली. मजकूर सर्व्हरवर सुखरूप होता, फक्त त्याच्यापर्यंत जाणारी वाट स्क्रिप्टमधून होती.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरतेच. पान दिसू लागणं आणि स्क्रिप्ट चालू होणं या दोन क्षणांमध्ये जी काही सेकंदं जातात, त्या वेळात प्रत्येक जण बिनस्क्रिप्टचाच असतो. वेगवान नेटवर्कवर ती फट जाणवत नाही. पण वेबसाइट बनवणारे वेगवान नेटवर्कवर बसलेले असतात, म्हणून ती त्यांना दिसत नाही, इतकंच.

जे जाणूनबुजून स्क्रिप्ट बंद ठेवतात, त्यांनाही हट्टी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. स्क्रिप्ट म्हणजे परक्याने लिहिलेला प्रोग्राम, जो आपल्या यंत्रावर चालतो. ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमध्ये सुरक्षेची सर्वांत वरची पातळी निवडली की सगळ्याच वेबसाइटींवरची जावास्क्रिप्ट बंद होते. ती पातळी निवडणाऱ्यांत पाळतीला भिणारे पत्रकार असतात, कार्यकर्ते असतात, घरातल्याच कुणापासून जीव वाचवू पाहणारी माणसं असतात. स्क्रिप्ट रोखणारं नोस्क्रिप्टसारखं एक्स्टेन्शन २००५ पासून याच गरजेतून टिकून आहे. एखाद्या कार्यालयाच्या वेबसाइटवर कोणकोणते विभाग आहेत एवढं वाचण्यासाठी माणसाला आपल्या यंत्रावर परका प्रोग्राम चालवायची परवानगी द्यावी लागावी, हा सौदा न्याय्य नाही.

वेबच्या तीन भाषा चुकीला सारख्या तऱ्हेने सामोऱ्या जात नाहीत, ही गोष्टही या वादात क्वचितच बोलली जाते. एचटीएमएलमध्ये ब्राउझरला न कळणारा टॅग (हा भाग कशाचा आहे ते सांगणारी खूण) आला तर तो टॅग सोडून देतो आणि आतला मजकूर दाखवतो. सीएसएसमध्ये अनोळखी नियम आला तर तेवढाच नियम वगळला जातो, बाकीची सजावट शाबूत राहते. जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला, किंवा जुन्या ब्राउझरला न कळणारी एक नवी रचना आली, की ती सबंध फाइल बाद. प्रोग्रामिंगच्या भाषेचा हा दोष नाही. तिचा तो स्वभावच आहे. म्हणून तर डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या तांत्रिक मंडळाने २००६ मध्ये एक तत्त्व मांडलं होतं, बर्नर्स-ली आणि नोआ मेंडेलसन यांच्या संपादनाखाली: काम होत असेल तर सर्वांत कमी ताकदीची भाषा वापरा. पानांची यादी हे सर्वांत कमी ताकदीच्या भाषेचं काम आहे. ते सर्वांत ठिसूळ भाषेकडे सोपवायचं कारण काय?

एके काळी आपण याहून शहाणे होतो. २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी खाली उघडणाऱ्या मेनूची एक पद्धत प्रसिद्ध केली. साधी यादी, तिच्या पोटात उपयादी, आणि वरच्या ओळीवर माउस आला की सीएसएसने ती उपयादी उघडायची. त्या काळच्या इंटरनेट एक्स्प्लोररला माउसची चाहूल फक्त लिंकवर घेता येई, यादीच्या ओळीवर नाही. म्हणून केवळ त्या एका ब्राउझरसाठी डझनभर ओळींची स्क्रिप्ट सोबत दिली होती. ती चालली नाही तरी वरच्या पातळीच्या लिंका चालतच. त्याच वर्षी स्टीव्हन शॅम्पियन आणि निक फिंक यांनी पायरीपायरीने वाढवत नेण्याची कल्पना मांडली, म्हणजे आधी सगळ्यांना चालेल असा मजकूर, मग सजावट, मग ज्याला झेपेल त्याच्यासाठी स्क्रिप्ट. पुढे अख्खं पानच ब्राउझरमध्ये स्क्रिप्टने रचणाऱ्या फ्रेमवर्कांची, म्हणजे तयार सांगाड्यांची, लाट आली आणि हा क्रम उलटा झाला. आधी स्क्रिप्ट, मग जमलं तर मजकूर.

मग करायचं काय? इथे मी थोडा खोलात जातो, कारण हे काम अवघड आहे असा समज पसरलेला आहे आणि तो खोटा आहे.

पाया म्हणजे मेनूसाठीच असलेल्या नॅव्ह टॅगच्या आत एक यादी, आणि यादीत खऱ्या लिंका. खरी लिंक म्हणजे जिला पत्ता आहे ती. क्लिक केल्यावर स्क्रिप्टने दुसरीकडे नेणारा चौकोन ही लिंक नव्हे. त्या चौकोनावर टॅबच्या कळीने पोहोचता येत नाही, एंटर दाबून तो उघडत नाही, तो नव्या टॅबमध्ये उघडता येत नाही, त्याचा पत्ता कॉपी करून कुणाला पाठवता येत नाही. गूगलसुद्धा आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगतं की पत्ता असलेल्या लिंकेचाच माग खात्रीने काढता येतो. खरी लिंक दिली की हे सगळं ब्राउझर फुकट देतो.

लिंका पाच-सहाच असतील तर त्या उघड्याच ठेवाव्यात. तीन रेघांमागे पाच नावं दडवण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. आडव्या ओळीत मावली नाहीत तर दोन ओळी होतील. होऊ द्याव्यात.

जास्त असतील तर सर्वांत जुना उपाय अजूनही चालतो. यादी पानाच्या तळाशी ठेवायची आणि वर ‘मेनू’ नावाची लिंक द्यायची, जी त्याच पानातल्या त्या यादीपाशी नेते. पानातल्या पानात उडी मारणाऱ्या लिंका वेबच्या अगदी सुरुवातीपासून आहेत, त्या न चालणारा ब्राउझर मला ठाऊक नाही. यावर सीएसएसमधला टार्गेट हा निवडक (सिलेक्टर), म्हणजे लिंकने जिथे नेलं त्या भागालाच सजावट लावणारा नियम, वापरला तर तीच यादी वरून पडदा उतरावा तशी उघडता येते, आणि सीएसएसही पोहोचलं नाही तर उडी तरी बसतेच. मला हा उपाय मनापासून आवडतो, कारण याच्या प्रत्येक पायरीवर माणसाच्या हातात काहीतरी उरतं.

त्याहून सोयीचा उपाय डिटेल्स आणि समरी या एचटीएमएल टॅगांच्या जोडीचा. समरीत ‘मेनू’ हा शब्द, डिटेल्समध्ये यादी. उघडणं-मिटणं ब्राउझर स्वतः करतो, कीबोर्डवरून चालतं, आणि यादी उघडी आहे की मिटलेली हे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही कळतं. क्रोमने ही जोडी २०११ मध्ये आणली, फायरफॉक्सने २०१६ मध्ये, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज क्रोमच्या इंजिनावर, म्हणजे पान रचणाऱ्या गाभ्यावर, आल्यावर उरलेला अडथळाही गेला. ज्या जुन्या ब्राउझरला ती कळत नाही, तो यादी सरळ उघडी दाखवतो. बिघडलं तरी माणसाच्या फायद्याचंच बिघडतं. एकच उणीव: बाहेर कुठेही दाबल्यावर ती आपोआप मिटत नाही. ते हवं असेल तर आता एचटीएमएलमध्ये पॉपओव्हर नावाची सोय आहे. बटणाला एक गुणधर्म, यादीला एक गुणधर्म, आणि एस्केप दाबल्यावर किंवा बाहेर दाबल्यावर मिटण्याची सोय ब्राउझरकडूनच. एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्सनेही तो घेतल्यावर तिन्ही मोठ्या इंजिनांत तो आला. मात्र तो तुलनेने ताजा आहे. जुने फोन धरून चालायचं असेल तर मी अजून डिटेल्सवरच विसंबेन.

दोन लोकप्रिय युक्त्यांबद्दल मात्र सावध करायला हवं. पहिली, लपवलेल्या चेकबॉक्सची. चेकबॉक्सवर खूण झाली की सीएसएसने मेनू दाखवायचा. बिनस्क्रिप्टचा मेनू म्हणून ती ठिकठिकाणी शिकवली जाते. पण चेकबॉक्स पूर्ण लपवला तर कीबोर्डवाला तिथे पोहोचतच नाही, आणि न लपवता ठेवला तर स्क्रीन रीडर ‘चेकबॉक्स, खूण नाही’ असं काहीतरी सांगतो, ज्याचा मेनूशी संबंध ऐकणाऱ्याला लागत नाही. एकाला वाट करून देताना दुसऱ्याची बंद केली. डिटेल्स असताना याची गरज नाही. दुसरी युक्ती, नुसत्या माउसच्या चाहुलीवर उघडणाऱ्या उपयादीची. स्पर्शाच्या पडद्यावर चाहूल नावाची गोष्टच नसते, आणि हात थरथरणाऱ्या माणसाचा माउस जरा घसरला की यादी गायब. सीएसएसचा फोकस-विदिन हा निवडक (आतल्या लिंकेवर कीबोर्डने पोहोचलं की लागू होणारा) जोडला तर कीबोर्डची अडचण सुटते, बोटाची सुटत नाही.

म्हणूनच मी ज्याला सर्वांत महत्त्वाचं मानतो तो नियम तंत्राचा नाहीच. मेनूतल्या प्रत्येक मुख्य नावाला स्वतःचं खरं पान असलं पाहिजे आणि त्या पानावर त्या विभागातल्या सगळ्या पानांची यादी असली पाहिजे. ‘सेवा’ हे नाव फक्त उपयादी उघडण्यासाठी ठेवू नये. ते दाबल्यावर सेवांचं पान यावं. मग उपयादी उघडो, न उघडो, अर्धवट उघडो, माणूस दोन पावलांत हव्या जागी पोहोचतो. उपयादी ही जवळची वाट झाली, एकमेव वाट राहिली नाही. हा नियम पाळला की वरच्या तांत्रिक चर्चेतली निम्मी निकड संपते. तो पाळला जात नाही याचं कारण बहुतेक वेळा संस्थेच्या आत असतं. प्रत्येक विभागाला आपलं नाव पहिल्या पडद्यावर हवं असतं, कुणाला वगळायचं धाडस होत नाही, आणि साठ-सत्तर लिंकांचा ढीग तयार होतो. तो आवरायला मग स्क्रिप्टची यंत्रणा लागते. ढीग कमी करणं हे बैठकीतलं काम आहे, ते प्रोग्रामरच्या गळ्यात मारलं जातं.

स्क्रिप्टला माझा विरोध नाही. बाहेर दाबल्यावर डिटेल्स मिटवणं, लिहितालिहिता शोधाच्या सूचना देणं, ही तिची कामं आहेत आणि ती ते छान करते. फक्त एक पथ्य. यादी मिटवण्याचं काम त्याच स्क्रिप्टने करावं जी ती उघडू शकते. बऱ्याच ठिकाणी पानाच्या डोक्यातच एक ओळ लिहिलेली असते, जी ‘इथे जावास्क्रिप्ट आहे’ अशी खूण लावते, आणि त्या खुणेवर सीएसएस लगेच मेनू मिटवून टाकतं, म्हणजे पान हलल्यासारखं दिसू नये. उघडणारी मोठी फाइल मागाहून येते. ती आली नाही तर? यादी मिटलेली, उघडणारं कुणी नाही. स्क्रिप्ट मुळातच बंद असलेल्याचं त्यापेक्षा बरं चालतं. एचटीएमएलमधल्या नोस्क्रिप्ट टॅगचाही (वरच्या एक्स्टेन्शनशी याचा संबंध नाही) सापळा हाच. तो फक्त स्क्रिप्ट बंद असेल तेव्हा जागा होतो, आणली पण आली नाही अशा वेळी गप्प राहतो. २०२३ मध्ये तिन्ही इंजिनांत आलेल्या, स्क्रिप्ट बंद आहे का हे सीएसएसला विचारू देणाऱ्या सोयीची मर्यादाही तीच. ब्रिटनच्या त्या मोजणीतल्या पाचांपैकी चौघांना या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. ‘कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा’ असा फलक लावून जबाबदारी संपली असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता यावं या, बाजूने एक प्रामाणिक मुद्दा मांडला जातो. १९९९ च्या डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शनात पान स्क्रिप्टशिवाय वापरता आलंच पाहिजे अशी अट होती, २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती राहिली नाही. वेबएम या सुगम्यतेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०१२ मधल्या पाहणीत स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांपैकी ९८.६ टक्के लोकांकडे जावास्क्रिप्ट चालू होती. म्हणजे अंध व्यक्तींचं नाव पुढे करून स्क्रिप्टविरुद्ध बोलणं बरोबर नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. पण अट गेली याचा अर्थ गरज गेली असा लावला गेला, तो मात्र चूक. स्क्रीन रीडरवाल्याच्याही बोगद्यात नेटवर्क तुटतंच. शिवाय स्क्रिप्टने बांधलेल्या मेनूंमध्ये त्याला भलताच त्रास होतो, कारण बनवणारे वेबसाइटच्या साध्या यादीला संगणक-प्रोग्राममधल्या मेनूची भूमिका जोडून देतात. ऐकणाऱ्याला वाटतं बाणाच्या कळा चालतील, आणि त्या चालत नाहीत. साध्या यादीला साधी यादीच राहू दिलं असतं तर हे घडलं नसतं.

काही वेबसाइटी खरोखरच उपकरणं असतात. चित्र काढायचं, व्हिडिओ कापायचा, नकाशावर रेघ ओढायची. त्या स्क्रिप्टशिवाय चालणार नाहीत आणि चालाव्यात अशी माझी मागणीही नाही. पण तिथेसुद्धा मदतीचं पान, संपर्काचं पान आणि खातं बंद करण्याचं पान या साध्या लिंका असायला कोणाची हरकत असावी?

दुकानाच्या वेबसाइटचा मेनू उघडला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. त्या दुकानाचं नुकसान होतं, माणसाचं फारसं नाही. सार्वजनिक सेवेचं तसं नसतं. कर भरायचा, परीक्षेचा निकाल पाहायचा, रुग्णालयाची वेळ शोधायची, न्यायालयातली तारीख बघायची, तर दुसरं दुकान नसतं. म्हणून लोकांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला ही अट कागदावर घातली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. नुसतं ‘सर्वांना वापरता येईल अशी’ असं मोघम लिहून भागणार नाही. मुख्य पानावरून प्रत्येक विभागाच्या पानापर्यंत आणि तिथून त्या विभागातल्या प्रत्येक पानापर्यंत जावास्क्रिप्ट न चालता पोहोचता आलं पाहिजे, इतकं स्वच्छ लिहावं.

ही अट तपासायला तज्ज्ञ लागत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये जावास्क्रिप्ट बंद करता येते, तशी करून मेनूतून फिरून पाहायचं. मग ती पुन्हा चालू करून वेबसाइटची मुख्य स्क्रिप्ट फाइल तेवढी अडवायची, तीही सोय तिथेच आहे, आणि तोच फेरफटका पुन्हा मारायचा. ही दुसरी चाचणी पहिलीपेक्षा महत्त्वाची, कारण बहुतेकांचं बिघडतं ते असंच. शेवटी माउस बाजूला ठेवून टॅब आणि एंटरवर एकदा.

वेबसाइट बांधणारा ठेकेदार म्हणेल, आमच्या फ्रेमवर्कमध्ये हे होत नाही. होतं. रिअॅक्ट असो की व्ह्यू, दोन्हींत पान सर्व्हरवर रचून तयार एचटीएमएल पाठवण्याची सोय आहे, आणि त्या एचटीएमएलमधल्या पत्ता असलेल्या लिंका स्क्रिप्ट येण्याआधीच चालतात. न चालतं ते क्लिकवर विसंबलेलं बटण, जे स्क्रिप्ट येऊन पानाचा ताबा घेईपर्यंत मुकं राहतं. त्या बटणाच्या जागी डिटेल्स लिहायचं. तेवढा बदल करायला किती वेळ लागेल हे ठेकेदाराकडून लेखी मागावं, आणि तोवर शेवटचा हप्ता थांबवावा.